समोरच्या बाई आणि खाडीतल्या तिसऱ्या

चिखलाचा अभिमान बाळगणारी माणसं जगात फार नसावीत. आमच्या संत तुकाराम नगरात तर एकच होती, आणि ती आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायची. कोणी आपल्या गावच्या देवळाचं कौतुक सांगतं, कोणी आंब्याचं. समोरच्या बाई गावच्या खाडीतल्या चिखलाचं सांगायच्या. तो कसा काळाभोर आणि लोण्यासारखा मऊ, ओहोटीला त्याच्यावर ऊन पडलं की कसा चमकतो, आणि पाय रुतवून उभं राहिलं की तळव्यांना खालच्या तिसऱ्या कशा टोचतात. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या चिखलात सापडणारे लहान शिंपले. आतल्या बोटाच्या पेराएवढ्या मांसासाठी कोकणातला माणूस जीव टाकतो, आणि बाईंनी तर तो फार पूर्वीच टाकून ठेवला होता. पिंपरीतल्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म विज्ञान शिकवलं, लग्न केलं नाही, ब्लॉक घेतला, निवृत्त झाल्या. पण इतक्या वर्षांत एक दिवसही त्या मनाने खाडीतून बाहेर आल्या असतील असं मला वाटत नाही.

आम्ही खेड तालुक्यातले, चाकणच्या पलीकडचे. आमच्याकडे शिंपला म्हणजे नदीकाठी पोरांनी खेळायची वस्तू. मी लग्न करून, आईला घेऊन इथे राहायला आलो, त्याच आठवड्यात बाईंनी दारात उभं राहून वाटी पुढे केली. आईने वाटीत डोकावून पाहिलं. मसाल्यात माखलेले, एका बाजूची शिंपी तशीच ठेवलेले ते प्रकार पाहून तिचा चेहरा पडला.

"आवं बाई, ह्यातलं खायचं काय आन् टाकायचं काय?"

"ह्याला एकशिपी म्हणतात, आजी. कडक ते टाकायचं, मऊ ते खायचं. आयुष्यातही तेच करायचं असतं."

आई त्यांच्याहून जेमतेम सहा-सात वर्षांनी मोठी असेल, पण बाईंनी तिला पहिल्या दिवसापासून 'आजी' केलं आणि आईनेही ते मुकाट्याने मान्य केलं, कारण बाईंच्या आवाजात वर्गाला गप्प बसवण्याची ताकद होती. सोसायटीच्या मीटिंगला त्या आधी हजेरी घ्यायच्या. एकदा पाण्याच्या टाकीवरून चेअरमन आणि सेक्रेटरी हमरीतुमरीवर आले, तेव्हा बाईंनी दोघांना खिडकीकडे आणि दाराकडे तोंड करून उभं केलं, आणि दोघेही, एक बँकेतला आणि एक कंपनीतला सुपरवायझर, खरोखर उभे राहिले. मीटिंग पाच मिनिटांत संपली.

पिंपरीच्या बाजारात त्यांना पाहून मासे विकणाऱ्या बायका पदर सावरून बसत. बाई तराजूकडे बघायच्याच नाहीत. एक तिसरी उचलायची, दुसरीवर टकटक वाजवायची आणि कानाशी धरायची. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ वाजली की "ही गेली" म्हणून बाजूला. मग चौकशी सुरू व्हायची: कुठली खाडी, कुठला काठ, कधी काढल्या. विकणारी बिचारी मुंबईहून आलेला माल विकणारी, तिला खाडीशी काय घेणं? ती काहीतरी ठोकून द्यायची. बाई शिंपीला लागलेला चिखल बोटावर घेऊन, हुंगून म्हणायच्या, "खोटं बोलू नकोस. हा आमच्याकडचा नाही." मग रिकाम्या पिशवीनेच परत यायच्या. त्यांच्यासाठी खऱ्या तिसऱ्या एकाच ठिकाणच्या, आणि त्या गावाहून धाकटा भाऊ महिन्या-दोन महिन्यांनी बसने धाडायचा, ओल्या गोणपाटात गुंडाळून. पार्सल यायचं त्या दिवशी बाईंच्या मोरीत अंघोळ बंद. तिसऱ्या मिठाच्या पाण्याच्या टबात सोडलेल्या असायच्या, पोटातली रेती टाकण्यासाठी, आणि बाई शेजारी स्टूल टाकून बसायच्या. कधीकधी मलाही हाक मारायच्या. पाण्यात दोन बारीक नळ्या बाहेर काढून बसलेली तिसरी दाखवून कुजबुजत सांगायच्या, "हळू बोल. जेवतेय ती. एका नळीने पाणी ओढते, त्यातलं बारीकसारीक खाते आणि दुसरीने सोडते. दिवसभर हेच. एवढीशी आहे, पण हंडेच्या हंडे पाणी गाळून सोडते बघ." त्यांच्या आवाजात असं कौतुक असे, जसं काही तिसरी दहावीला बोर्डात आलीय.

आणि शिजवणं! ते त्या कोणाला करू द्यायच्या नाहीत. पातेल्यावर झाकण ठेवून त्या घड्याळाकडे नाही, शिंप्यांकडे बघत. शिंपी उघडली रे उघडली की पातेलं खाली. "आणखी अर्धा मिनिट ठेवलीस तर रबर होईल," त्या माझ्या बायकोला, वैशालीला, बजावायच्या. त्या मऊपणाची आमच्या अख्ख्या बिल्डिंगला चटक लागली. आईलासुद्धा. पहिल्या वर्षी वाटी दुरून बघणारी माझी आई तिसऱ्या वर्षी पार्सलच्या दिवशी सकाळपासून विचारू लागली, "बाईंचं भांडं वाजलं का न्हाई अजून?"

बाईंच्या सत्तरीला त्यांनी बिल्डिंगला जेवण घातलं. भावाने दोन गोणपाटं भरून पाठवली होती. रविवारी दुपारी गच्चीवर मांडव घालून पंगत बसली. आम्ही अठरा जण जेवलो. तळमजल्यावरचे लातूरकडचे देशमुख तेवढे माळकरी म्हणून वरणभात खाऊन उठले. बाई स्वतः वाढत होत्या, आग्रह करत होत्या, कमरेला पदर खोचून एकेकाच्या पानापुढे उभ्या राहून "अजून घे" म्हणत होत्या. त्या दिवसाएवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आईने तीनदा वाढून घेतलं.

सोमवारी संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरून सुरुवात झाली. मंगळवारी सकाळी मी फर्स्ट शिफ्टला निघालो, आणि मोशीच्या पुढे कंपनीच्या बसमध्ये माझ्या पोटाने असा दगा दिला, की ड्रायव्हरने मला हायवेच्या कडेला उतरवलं आणि माझ्याकडे न बघता बस पुढे नेली. घरी आलो तर वैशाली मोरीत, आई अंथरुणात. दुपारपर्यंत चौदा जण आडवे झाले होते. बिल्डिंगमधल्या सगळ्या मोऱ्यांचे नळ एकाच वेळी चालू होते. देशमुख लिंबूपाण्याचे तांबे घेऊन जिने चढत-उतरत होते आणि प्रत्येक दारात म्हणत होते, "मी म्हणलो होतो की नाही, दगडं खायची नसतात म्हणून?"

आम्ही बाकीचे दोन दिवसांत उठलो. आई उठली नाही. बुधवारी तिची जीभ सुकली, बोलणं अडखळू लागलं, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं आणि सलाइन लावलं. डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं, मी सांगितलं, आणि ते नुसतं "हं" म्हणाले. माझ्या मागे बाई उभ्या होत्या. त्यांनाही त्रास झाला होता, चेहरा पांढरा पडला होता, पण त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. पुढचे दोन दिवस त्या आईच्या खाटेजवळून हलल्या नाहीत. आईला शुद्ध आली तेव्हा बाई तिचा हात धरून म्हणाल्या, "आजी, माझ्या हाताने झालं हे." आईला बोलायची ताकद नव्हती. तिने मान दुसरीकडे वळवली. ती दमून वळवली की रागाने, हे मला आजही ठाऊक नाही. बाईंनी मात्र एकच अर्थ घेतला.

त्यानंतर बाईंचं दार महिनाभर बंद होतं. भांड्यांचा आवाज नाही, मीटिंगला हजेरी नाही. एका संध्याकाळी मीच बेल वाजवली. दार उघडलं तर जेवणाच्या टेबलावर पुस्तकं, छापून आणलेले कागद आणि वह्या पसरलेल्या. बाईंनी मला बसवलं आणि कित्येक दिवसांनी शिकवायला सुरुवात केली.

"तिसरी शिळी नव्हती. एकूण एक वाजवून घेतली होती मी. दोष तिचा नव्हताच. माणसाच्या मैल्याबरोबर पोटाच्या दुखण्याचे विषाणू पाण्यात जातात. आपल्याला वाटतं, समुद्र एवढा मोठा, वाहून जाईल सगळं. नाही जात. ते विषाणू गाळाच्या बारीक कणांना चिकटतात आणि त्या कणांबरोबर तळाशी बसतात. तिथे ऊन नाही, धक्का नाही. आठवडेच्या आठवडे टिकून राहतात. मग मोठी भरती आली, पाऊस झाला, होडीने तळ ढवळला, की गाळ वर उठतो. आणि तिथेच कोण बसलंय नळी उघडून?"

"तिसरी," मी म्हणालो.

"शाब्बास. ती ओढून घेते. तिला स्वतःला काहीच होत नाही रे, ते दुखणं माणसाचं. ती नुसती पोटात सांभाळून ठेवते. मी टबात ठेवून रेती काढत होते ना? रेती निघते. विषाणू इतक्या सहज निघत नाहीत. आणि शिंपी उघडली म्हणजे ती शिजली असं मी जन्मभर समजत आले. उघडते लवकर. आत शिजायला आणखी वेळ लागतो. माझ्या त्या मऊपणाच्या नादाने आजींना सलाइन लागलं."

मी काहीतरी समजुतीचं बोललो. त्यांनी ते हाताने उडवून लावलं. "अर्धी चूक माझी. अर्धी तिकडे खाडीत आहे. ती बघायला मला जायचंय. तू गाडी चालवशील?"

अशा प्रकारे मी आयुष्यात पहिल्यांदा बाईंच्या खाडीवर गेलो. वैशाली आईजवळ थांबली. वाटभर बाई मांडीवर पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. पिशवीत काय आहे विचारलं तर म्हणाल्या, "रंगपंचमीचा हिरवा रंग." मला वाटलं, त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

त्यांच्या भावाचं घर खाडीला लागून होतं. भाऊ साठीचा, रापलेला, मोठ्या हसण्याचा माणूस. बहिणीला बघून त्याला एवढा आनंद झाला की तो हाताला धरून तिला नव्या खोल्या दाखवायला घेऊन गेला. पर्यटकांसाठी बांधलेल्या चार खोल्या, प्रत्येकीला लागून संडास-बाथरूम, पांढऱ्याशुभ्र फरशा, खिडकीतून सरळ खाडी. "ताई, बघ गो कसा झाला!" बाईंनी फरशा पाहिल्या नाहीत. त्या मागच्या बाजूला गेल्या आणि भिंतीतून निघालेल्या पाइपामागे छत्रीच्या टोकाने जमीन टोचत चालू लागल्या.

"हे कुठे जातं, बाबू?"

"खड्डो आसा. मोठो खड्डो खणलंय. जिरता सगळा."

"कुठे जिरतं?"

"जमिनीत, आणि खय?"

बाई चहा प्यायल्या. मग चारही संडासांत त्यांनी स्वतः जाऊन हिरवा रंग ओतला आणि वर बादल्याच्या बादल्या पाणी ओतत राहिल्या. भाऊ हसत होता. "ताईचो शाळेचो प्रयोग!" तो मला म्हणाला. आम्ही त्याच्या ओट्यावर ओहोटीची वाट बघत बसलो.

दुपारी पाणी मागे गेलं. बायका पाट्या घेऊन चिखलात उतरल्या, वाकून हाताने तिसऱ्या काढू लागल्या. बाई काठावर उभ्या होत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग चिखलातल्या एकीने कंबर सरळ केली आणि हाक दिली, "गो बायो, ह्यां हिरवां खयसून इलां?" काठाच्या दगडांमधून एक बारीक हिरवी धार झिरपत होती, आणि काळ्या चिखलावरून वळणं घेत थेट त्या बायकांच्या पायांपर्यंत येत होती. एकीच्या पाटीला हिरवा डाग लागला. सगळ्या उभ्या राहिल्या आणि धारेच्या उलट दिशेने वर बघत गेल्या. नजर भावाच्या नव्या खोल्यांवर जाऊन थांबली.

भावाचं हसू मावळलं. तो जे बोलला ते बहिणीशी बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "माझ्या दारात येऊन चार बायकांसमोर माझी लाज काढलंस? आज्या-पणज्यान ह्याच खाडीतले तिसरे खाल्ले. कोणाक काय झाला?"

बाई आमच्याशी कायम पुस्तकातलं मराठी बोलायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांची खरी भाषा ऐकली. "आज्याच्या वेळाक हयसर चार घरां होती, बाबू. आता दर शनवारी मुंबई-पुण्याची वीस माणसां तुझ्याकडे उतरतत. तेंच्या पोटात काय आसा, तुका म्हायत आसा? ह्यो बायका रोज पोरांक खाऊक घालतत हे तिसरे. आणि तू ते माका धाडलंस, आणि मी माझ्या हातान लोकांक वाढलंय." भाऊ घरात गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आम्ही न जेवताच परत फिरलो. घाट चढताना बाई एवढंच म्हणाल्या, "लहानपणी तो बुडत होता तेव्हा मीच काढलं होतं त्याला, तिथेच. त्याच दगडापाशी."

भावाने फोन बंद केला. गणपतीला बाई गावी जायच्या, त्या वर्षी गेल्या नाहीत. घरात दूध-पोहे खाऊन राहिल्या. आई आता बरी होती, पण ती बाईंच्या दाराकडे जात नव्हती, आणि बाई आमच्या दाराकडे येत नव्हत्या. मधल्या चार हातांच्या जागेतून वैशाली डबे घेऊन ये-जा करायची.

मग मार्चमध्ये कधीतरी माझा फोन वाजला. भावाचा आवाज. "पाव्हण्यानू, ताईक सांगा. खोल्यो बंद ठेवलंय चार महिने. खड्डो बुजवलंय. पक्की टाकी बांधलंय, खाडीपासून लांब, वरच्या अंगाक. तिका सांगा, हिरवो रंग मीच ओतून बघितलंय. खाली येवक नाय." त्याने लगेच फोन ठेवून दिला. बहिणीशी बोलायचं धाडस त्याला झालं नसावं.

मी बाईंना सांगितलं. मला वाटलं, आता आनंदाने पार्सल मागवतील. पण म्हणाल्या, "गाळात बसलेलं लगेच जात नाही. पूर्ण पावसाळा जाऊ दे. हिवाळाही जाऊ दे." विज्ञानाच्या बाबतीत त्यांनी सख्ख्या भावालाही सूट दिली नाही. पण त्याच संध्याकाळी समोरच्या दारामागून त्या फोनवर बोलत असल्याचं मला ऐकू आलं, आणि तासाभराने हसण्याचाही आवाज आला.

पुढच्या फेब्रुवारीत बाई एकट्याच गावी गेल्या. आठवड्याने परतल्या तेव्हा रापलेल्या होत्या, हातांवर ओरखडे होते. दोघं बहीण-भाऊ चिखलात उतरली होती म्हणे. तिने काढल्या, त्याने पाटी धरली. त्या दिवशी त्यांच्या घरातलं पातेलं बराच वेळ शेगडीवर होतं. त्यांनी उकळी येऊ दिली, शिंप्या उघडू दिल्या आणि त्यानंतरही रटारटा उकळत ठेवलं. आधी एकट्यांनी खाल्ल्या. तीन दिवस थांबल्या. काही झालं नाही, तेव्हा पुन्हा तशाच शिजवून त्या आमच्या दारात वाटी घेऊन उभ्या राहिल्या. आत यायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

"मी आग्रह करणार नाही," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "नुसतं सांगायला आलेय."

मी काही बोलायच्या आत आई आतून आली. तिने बाईंच्या हातातली वाटी घेतली, उंबऱ्यातच उभी राहून एक तिसरी तोंडात टाकली आणि चावू लागली. चावत राहिली. इतकं शिजवल्यावर ती खरोखरच रबर झाली होती. आमच्या सगळ्यांच्या नजरा आईच्या जबड्यावर.

"कशा झाल्यात, आजी?"

आईने शेवटी गिळलं. "दातांचा जीव घेतला बया," ती म्हणाली, "पर चव तुमचीच हाय. आता दारात काय उभ्या ऱ्हाता? या की आत." बाई आत आल्या, खाली मान घालून आईच्या शेजारी बसल्या, आणि मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलो तो मुद्दाम जरा उशिरानेच परत आलो.

गेल्या वर्षीपासून बाई गावीच असतात. समोरच्या ब्लॉकमध्ये हिंजवडीला जाणारं एक तरुण जोडपं राहतं. भली माणसं आहेत, जेवण मोबाइलवरून मागवतात. आई गेली त्याला आता सात महिने झाले. बाई येऊ शकल्या नाहीत, गुडघ्यांनी प्रवास होत नव्हता, पण त्या दिवशी त्या फोनवर माझ्याबरोबर बराच वेळ थांबल्या होत्या. आता महिन्यातून एकदा मी त्यांना फोन करतो. गावातल्या बायकांना त्यांनी शिकवलंय की मोठा पाऊस झाल्यावर काही दिवस चिखलात उतरायचं नाही, आणि बायका ऐकतात, कारण बाई काठावर छत्री घेऊन बसलेल्या असतात. आणखी तीन घरांनी टाक्या वरच्या अंगाला बांधल्यात. हे सगळं त्या मला हजेरी दिल्यासारखं सांगतात. परवा मी विचारलं, "बाई, इकडे कधी येता?" पलीकडून वारा ऐकू येत होता. मग भावाने त्यांना लांबून हाक मारलेली मला स्पष्ट ऐकू आली.

"पाणी चढायला लागलं रे," त्या म्हणाल्या. "बाबू हात द्यायला आलाय. ठेवते."